बीपीची रेषा नक्की कुठे आखायची? १४०, १३०, की १२०?

शंकासूर

हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय, म्हणून धागाच काढतो.

कित्येक वर्षं १४०/९० ही रेषा सगळ्यांना पाठ होती. वर गेलात तर गोळी, खाली असाल तर चिंता नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी ती १३०/८० वर आणली. त्यामुळे तिथल्या प्रौढांमध्ये उच्च रक्तदाबवाल्यांचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं, कोणाच्याही शरीरात काडीचा बदल न होता. २०२४ मध्ये युरोपातल्या हृदयरोग संघटनेने १४०/९० कायम ठेवली, पण वरचा आकडा १२० ते १३९ किंवा खालचा ७० ते ८९ असलेल्यांसाठी 'वाढलेला रक्तदाब' असा वेगळा कप्पा केला.

मला कळत नाही ते हे, की या आकड्यांमागे संशोधन कसलं आहे? १३५ वाल्याच्या शरीरात खरंच काही बिघडत असतं का? त्याला तर काहीच होत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर नाही. की हा सगळा गोळ्या खपवण्याचा खेळ आहे?

माहितगारांनी लिहावं. 'माझ्या आजोबांना दोनशे असायचं आणि ते शंभर वर्षं जगले' हे सोडून काहीही चालेल.

आळशी_कासव

धागा वाचूनच वरचं दहाने वाढलं. खालचं प्रतिसाद वाचून वाढेल.

पारावरचा

उत्तर तुम्हीच शेवटच्या ओळीत दिलंय. रेषा जेवढी खाली, गिऱ्हाइकं तेवढी जास्त. कोलेस्टेरॉलचं हेच, साखरेचं हेच. आजवर एखादी रेषा वर गेलेली ऐकलीत का?

गणितमास्तर

पारावरचा, गेलीय की. २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच एका तज्ज्ञगटाने साठीच्या पुढच्यांसाठी १५०/९० पर्यंत चालेल असं लिहिलं होतं. त्यावर गदारोळ झाला ते सोडा, पण वर गेली होती.

शंकासूर, तुमचा प्रश्न सत्तर वर्षं जुना आहे. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट प्लॅट आणि जॉर्ज पिकरिंग या दोन डॉक्टरांचं 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जोरदार भांडण चाललं होतं. प्लॅट म्हणायचे, उच्च रक्तदाब हा वेगळा आजार आहे, आनुवंशिक आहे, माणसांचे दोन सरळ गट पाडता येतात. पिकरिंग म्हणायचे, गट वगैरे काही नाही, उंचीसारखाच रक्तदाब लोकसंख्येत सलग पसरलेला असतो, आणि रेषा म्हणजे आपल्या सोयीसाठी मारलेली रेघ. पुढच्या सगळ्या आकडेवारीने पिकरिंगची बाजू घेतली.

त्यातली सगळ्यात दणदणीत आकडेवारी २००२ सालची. ६१ अभ्यासांमधली मिळून सुमारे १० लाख माणसं. ४० ते ६९ वयात ११५/७५ पासून पुढे, वरचा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याची जोखीम साधारण दुप्पट. आलेखात कुठेही पायरी नाही. १३९ ला सुरक्षित आणि १४१ ला धोक्यात असं काही नसतं.

म्हणून 'रेषा कुठे आहे' हा प्रश्नच थोडा फसवा आहे. विचारायचं ते असं, की कुठून खाली आणल्याने फायदा जास्त होतो आणि त्रास कमी. त्याचं उत्तर निरीक्षणाने मिळत नाही, त्याला चाचण्या लागतात.

शंकासूर

मास्तर, हे आवडलं. पण जोखीम वाढते म्हणजे आत नेमकं होतं काय? नुसता दाब वाढून अवयव का खराब व्हावेत?

ऋजुता_क

शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

हृदयापासून सुरू करू. डाव्या कप्प्याला रोज जास्त दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. तालमीत दंड भरतात तशी त्याची भिंत जाड होते. पण दंड भरल्याचा पैलवानाला फायदा असतो, इथे नाही. जाड भिंत नीट सैलावत नाही, म्हणून कप्पा भरायला अडचण. स्नायू वाढला तरी त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढत नाहीत. मधे मधे तंतुमय ऊती साचते. पुढे धाप लागणं, हृदयाचे ठोके अनियमित होणं, हृदय निकामी होणं. आकुंचन उत्तम असूनही हृदय निकामी होऊ शकतं हे पुष्कळांना नवीन वाटतं, त्यामागे बऱ्याचदा हीच कहाणी असते.

मूत्रपिंडात लाखो सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या धमनिका सतत दाब सोसून जाड आणि अरुंद होतात, काही गाळण्या कायमच्या बंद पडतात. उरलेल्यांवर बोजा वाढतो, मग त्याही. गंमत अशी, की मूत्रपिंड बिघडलं की ते मीठ-पाणी धरून ठेवतं आणि दाब आणखी वाढतो. कारण आणि परिणाम एकमेकांच्या मागे धावत राहतात. रिचर्ड ब्राइट यांनी १८३६ मध्येच शवविच्छेदनात आक्रसलेली मूत्रपिंडं आणि मोठी झालेली हृदयं एकत्र दिसतात हे नोंदवलं होतं. तेव्हा जिवंत माणसाचा रक्तदाब मोजायचं धड साधनही नव्हतं.

मेंदूत सगळ्यात जास्त मार खातात त्या खोलवर शिरणाऱ्या बारीक धमन्या. त्या मोठ्या धमन्यांमधून थेट काटकोनात फुटतात, त्यामुळे दाबाचा तडाखा फारसा न शमता त्यांच्यात पोचतो. त्या फुटल्या तर रक्तस्राव, बुजल्या तर छोटे छोटे झटके, ज्यातले कित्येक कळतसुद्धा नाहीत. एमआरआयवर ते पांढऱ्या डागांसारखे दिसतात. स्मृतिभ्रंशाशी रक्तदाबाचं नातं इथून लागतं.

आणि डोळा. शरीरात रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट पाहता येतील अशी जागा म्हणजे दृष्टिपटल. तिथे धमनी जाड होऊन शीर ओलांडताना तिला दाबते, ते डॉक्टरला भिंगातून दिसतं. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी दृष्टिपटलावरच्या खुणांवरून रुग्णांच्या चार श्रेणी केल्या. चौथ्या श्रेणीतले बहुतेक जण वर्षभरही जगत नसत. औषधंच नव्हती.

तेव्हा १३५ वाल्याला काही 'होत नाही' म्हणजे त्याला ते जाणवत नाही, एवढंच. हळूहळू होणारं हे नुकसान धमनी कळवत नाही.

रानजाई

ऋजुताताई, प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला.

आळशी_कासव

मी डोळे तपासून घ्यायला निघालो.

धडपड्या

मोजायचं साधन नव्हतं म्हणालात म्हणून अवांतर. पहिलं मोजमाप एका धर्मगुरूने केलं. इंग्लंडमधल्या स्टीफन हेल्स यांनी घोडीला आडवं बांधून तिच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला लांबलचक काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढलं आणि प्रत्येक ठोक्याला वरखाली होत राहिलं. १७३३ मध्ये त्यांनी हे छापलं. पाऱ्याच्या मिलिमीटरांत (आपले बीपीचे आकडे याच मापातले) ते १९० च्या पुढे जातं. बांधलेली, भेदरलेली घोडी, अजून काय होणार! डॉक्टरला बघून बीपी वाढण्याची ही पहिली नोंद समजायला हरकत नाही.

आठ फुटी नळी दवाखान्यात कशी ठेवणार? रक्तापेक्षा कितीतरी जड असलेला पारा वापरून फ्रान्समधल्या पॉझय यांनी १८२८ मध्ये ती आटोक्यात आणली. इटलीतल्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये दंडाला बांधायचा पट्टा काढला, आणि १९०५ मध्ये रशियातल्या कोरोटकोव्ह यांनी त्या पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायचे असं सुचवलं. जेमतेम पानभर टिपण. त्याआधी खालचा आकडा धड मोजताच येत नव्हता. रिवा-रोचींचा पट्टा फार अरुंद होता, म्हणून तो आकडा जास्त दाखवायचा. ही चूक आजही घरोघरी होते, त्यावर नंतर लिहितो.

पारावरचा

इतिहास झकास आहे, पण दाब वाढला की नुकसान होतं, यावरून गोळीने दाब उतरवला की नुकसान टळतं हे आपोआप सिद्ध होत नाही. केस पिकणं म्हातारपणासोबत येतं, म्हणून कलप लावून कोणी तरुण होत नाही.

तळटीप

अगदी हाच आक्षेप त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांचा होता. १९३०-४० च्या सुमारास बऱ्याच जणांना वाटायचं, की वयानुसार धमन्या कडक होतात, त्यातून रक्त पुढे जायला जास्त दाब हवाच, तो उतरवला तर उलट अपाय होईल.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण फ्रँकलिन रूझवेल्ट. अमेरिकेचे अध्यक्ष, महायुद्ध चालू. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रुएन या हृदयरोगतज्ज्ञाने तपासलं तेव्हा १८६/१०८, हृदय मोठं झालेलं. त्यांचे नेहमीचे डॉक्टर नाक-कान-घशाचे, ते म्हणत राहिले की वयाच्या मानाने प्रकृती ठीक आहे. उपाय काय, तर विश्रांती, मीठ कमी, आणि डिजिटालिस हे हृदयाचं जुनं औषध. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी नोंदलेला रक्तदाब ३००/१९०. जगातल्या सगळ्यात सामर्थ्यवान माणसाला देण्यासाठीसुद्धा धड औषध नव्हतं.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात हृदयविकाराचा अभ्यास सुरू झाला, ५,२०९ माणसं, वर्षानुवर्षं पाठपुरावा. पण तोही निरीक्षणाचाच. तुमच्या आक्षेपाला खरं उत्तर एडवर्ड फ्रेस यांनी दिलं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना दिसायला तशीच पण पोकळ गोळी. १९६७ मध्ये पहिला निकाल: खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष. पोकळ गोळीवाल्यांत २७ गंभीर घटना, औषधवाल्यांत २. १९७० मध्ये ९० ते ११४ वाल्यांचा निकाल आला, तोही औषधाच्या बाजूने.

हे सरकारी पैशातून झालेलं काम आहे, पारावरचा.

पारावरचा

११५ खालचा असेल तर मीही गोळी घेईन. गोष्ट चाललीय १३५/८५ ची. तिथे या.

बोरूबहाद्दर

तळटीप यांनी सांगितलं नाही ते मी सांगतो. फ्रेस यांच्या त्या अभ्यासातल्या औषधांपैकी एक होतं रेसरपिन, म्हणजे आपल्या सर्पगंधेच्या मुळातून निघालेलं. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो असं लिहिलं. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आपल्या रुग्णांवरचा अनुभव छापला आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे?

चकोर

मग सरळ सर्पगंधेचं चूर्णच का घेऊ नये? गोळ्यांच्या भानगडीत कशाला पडायचं?

ऋजुता_क

चकोर, कृपया नको. मुळात औषधी द्रव्य किती असेल हे झाडागणिक बदलतं, आणि रेसरपिन मज्जातंतूंच्या टोकांमधला रसायनांचा साठा रिकामा करतं. नाक चोंदणं, सुस्ती, खिन्नता, मात्रा जास्त झाली तर दाब धोकादायक उतरणं, हे सगळं त्याच्या खात्यावर आहे. म्हणून ते मागे पडलं.

'नैसर्गिक' वरून आणखी एक. ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्लं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. त्यातलं एक द्रव्य मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) अडवतं, मग कॉर्टिसोल हे संप्रेरक अल्डोस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकासारखं वागायला लागतं आणि शरीर मीठ धरून ठेवतं. खोकला झाला की महिनोन्महिने चघळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. सांधेदुखीवरच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. बीपी आटोक्यात येत नसेल तर आधी घरातला औषधांचा डबा उलटा करून बघावा.

आळशी_कासव

सर्पगंधा झाली, आता साप आला की धागा पूर्ण.

तळटीप

कासवराव, साप खरंच आहे. १८९८ मध्ये स्टॉकहोममध्ये टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशांना टोचला, दाब वाढला. त्या द्रव्याला त्यांनी रेनिन म्हटलं आणि पुढची जवळजवळ चार दशकं कोणी फारसं विचारलं नाही. १९३४ मध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या मूत्रपिंडाच्या धमनीला चिमटा लावला, रक्तपुरवठा कमी केला, आणि दाब वाढून तसाच राहिला. मग सगळे परत रेनिनकडे वळले. हळूहळू साखळी उलगडली: मूत्रपिंडातून रेनिन, यकृतातून आलेल्या प्रथिनावर त्याची क्रिया, त्यातून अँजिओटेन्सिन (रक्तवाहिन्या आवळून दाब वाढवणारं द्रव्य), आणि ते सक्रिय करणारं विकर मुख्यतः फुप्फुसात.

साप इथे येतो. ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषात हे विकर अडवणारी द्रव्यं आहेत. सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये त्या विषावर काम प्रसिद्ध केलं, नंतर अमेरिकेत ऑन्डेट्टी आणि कुशमन यांनी त्यावरून तोंडाने घेता येईल असा रेणू बनवला. कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये बाजारात. आज ज्यांच्या गोळीचं नाव 'प्रिल'ने संपतं त्या सगळ्यांचा मूळपुरुष हा साप. कोरडा खोकला ही त्या गोळ्यांची खूण.

आळशी_कासव

मी हात जोडले.

रानजाई

पारावरचा यांच्या १३५ कडे येते. स्प्रिंट नावाची चाचणी २०१५ मध्ये आली. ९,३६१ माणसं, पन्नाशीच्या पुढची, हृदयविकाराची जोखीम जास्त असलेली. एका गटात वरचा १४० च्या खाली ठेवायचा, दुसऱ्यात १२० च्या खाली. फरक इतका दिसला की पाच वर्षांची चाचणी सव्वातीन वर्षांत थांबवली. हृदयविकार, पक्षाघात वगैरे मिळून २५ टक्के कमी, मृत्यू २७ टक्के कमी. पैसा अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थांचा. २०१७ ची १३०/८० ची रेषा बऱ्याच अंशी यामुळे खाली आली.

पण तिला मर्यादा आहेत. मधुमेही आणि आधी पक्षाघात झालेले त्यात नव्हतेच. १२० वाल्या गटात दाब फार उतरणं, चक्कर येऊन शुद्ध हरपणं, क्षार बिघडणं, मूत्रपिंडाला अचानक इजा, हे जास्त झालं. आणि त्यांनी रक्तदाब मोजला तो यंत्राने, शांत बसवून, बऱ्याच ठिकाणी खोलीत दुसरं कोणी नसताना. दवाखान्यात घाईघाईत घेतलेला १२० आणि त्यांचा १२० एक नाही.

आमच्या आईचा अनुभव याच जातीचा. तिच्या डॉक्टरांनी आकडा १२० ला आणायचाच असं मनावर घेतलं. आकडा आला, पण ती सकाळी अंथरुणातून उठली की भिंत धरायची. उभं राहिल्यावर कोणी मोजतच नव्हतं. दुसऱ्या डॉक्टरांनी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर असं दोनदा मोजलं, एक औषध कमी केलं. आता १३० च्या आसपास असते आणि हिंडते-फिरते. वयस्कांना १२० ला न्यायचं असेल तर आधी उभं करून मोजा.

पारावरचा

रानजाई, तुम्हीच माझं काम सोपं केलंत. २५ टक्के ऐकायला भारी वाटतं. खरे आकडे बघा: एका गटात ६.८ टक्के लोकांना त्रास झाला, दुसऱ्यात ५.२. म्हणजे ६१ जणांनी सव्वातीन वर्षं जास्तीच्या गोळ्या घ्यायच्या तेव्हा एकाचा झटका टळणार. बाकीच्या ६० जणांनी काय मिळवलं? चक्कर?

गणितमास्तर

मुद्दा रास्त आहे आणि तो प्रत्येक रुग्णाला सांगायला हवा. पण ६१ हा आकडा सव्वातीन वर्षांचा आहे. पुढे काय होतं ते हिशोबात नाही. शिवाय तो जोखीम जास्त असलेल्या गटाचा आहे. पस्तिशीच्या निरोगी माणसात तो कितीतरी मोठा असेल, म्हणजे फायदा कमी. तुमचा तर्क तिथे आणखी बळकट होतो, नाकारत नाही.

गोळ्या खपवण्याबद्दल मात्र एक. २००२ मध्ये ऑलहॅट या चाचणीत ३३,३५७ माणसांवर तीन औषधांची तुलना झाली. एक जुनाट, स्वस्त, लघवी वाढवणारी गोळी, क्लोरथॅलिडोन. दुसरी दोन नवी आणि महाग. मुख्य निकालात जुनी गोळी कुठेही मागे पडली नाही, हृदय निकामी होणं टाळण्यात तर ती दोघींच्या पुढे होती. औषध कंपन्यांना हा निकाल फार गोड लागला असेल असं वाटत नाही.

धडपड्या

मघाशी म्हटलं होतं त्यावर. या धाग्यात आपण १२० आणि १३० वर भांडतोय, आणि मोजण्यातच याहून मोठी चूक होते.

२०२३ मध्ये एक सुंदर चाचणी झाली: ज्यांना खूप मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा लावला तर वरचा आकडा सरासरी जवळपास २० ने जास्त येतो. वीस! २०२४ मध्ये हाताच्या ठेवणीवर झाली. हात टेबलावर, हृदयाच्या पातळीला टेकवून ठेवला तर बरोबर. मांडीवर ठेवला तर वरचा सुमारे ४ ने जास्त, बाजूला लोंबता ठेवला तर ६-७ ने. आता आठवून बघा, शेवटचं मोजताना तुमचा हात कुठे होता.

बाकीचं सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही: पाच मिनिटं गप्प बसणं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, लघवी तुंबलेली नको, मोजताना बोलायचं नाही, आणि एकदा मोजून सोडायचं नाही.

शंकासूर

लोंबता. दर वेळी लोंबता.

मध्यरात्र

रात्रपाळीवाला असल्याने माझा प्रांत. चोवीस तास यंत्र बांधून मोजतात ना, त्यात झोपेतला दाब दिवसापेक्षा १० ते २० टक्के उतरायला हवा. ज्यांचा उतरत नाही त्यांना धोका जास्त, दिवसाचा आकडा चांगला असला तरी. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं हे त्यामागचं एक मोठं कारण. काहींचं उलटं असतं, दवाखान्यात १५० आणि घरी १२५. काहींचं दवाखान्यात उत्तम आणि घरी वाढलेलं, हे सगळ्यात फसवं, कारण ते कोणी शोधायलाच जात नाही.

यावरून 'बीपीची गोळी रात्रीच घ्या' असे फॉरवर्ड फिरतात. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या टाइम नावाच्या चाचणीत २१ हजारांवर माणसांत सकाळ आणि रात्र यांची तुलना झाली. फरक आढळला नाही. आठवण राहील तेव्हा घ्या.

चकोर

माझ्या भावाचं सांगतो. तिशीतच १७०, तीन औषधं चालू, तरी हटेना. दोन-तीन ठिकाणी 'ताण घेऊ नका' हेच ऐकलं. पोटॅशियम सारखं कमी यायचं, त्याची मात्रा द्यायचे आणि विषय संपायचा. शेवटी एका तरुण डॉक्टरने रेनिन आणि अल्डोस्टेरॉन तपासलं. मूत्रपिंडाच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीवर छोटी गाठ होती. शस्त्रक्रियेनंतर एकाच गोळीवर आहे.

ऋजुता_क

अधिवृक्क ग्रंथीने अल्डोस्टेरॉन जास्त बनवण्याचा हा आजार जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णन केला. तेव्हापासून तो दुर्मीळ समजला गेला आणि म्हणून शोधलाच गेला नाही. आता शोधायला लागल्यावर वाटलं होतं त्याहून पुष्कळ जास्त सापडतोय, पोटॅशियम ठीक असलेल्यांतही. २०२४ च्या युरोपियन मार्गदर्शनात तर रक्तदाबाचं निदान झालेल्या सगळ्याच प्रौढांची ही तपासणी करण्याचा विचार करावा असं आहे.

बोरूबहाद्दर

मिठावर कोणीच बोललं नाही?

तळटीप

बोलू. १९८८ मध्ये इंटरसॉल्ट या अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी १० हजारांवर माणसांच्या लघवीतलं सोडियम मोजलं. अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत, आणि त्यांच्यात वयासोबत रक्तदाब वाढत नाही. 'वय झालं की वाढणारच' या समजुतीला यासारखा धक्का नाही. अर्थात यानोमामींचं मिठाव्यतिरिक्तही सगळंच वेगळं आहे, म्हणून त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले.

मला जास्त पटलेला पुरावा २०२१ चा, चीनमधला. ६०० खेडी, जवळपास २१ हजार माणसं, बहुतेकांना आधी पक्षाघात झालेला. अर्ध्या खेड्यांना नेहमीचं मीठ, अर्ध्यांना असं मीठ ज्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड. स्वयंपाक तोच. पाच वर्षांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांनी, किंवा पोटॅशियम वाढवणारी औषधं चालू असलेल्यांनी मात्र हे मीठ विचारल्याशिवाय घेऊ नये.

आणि हो, गुलाबी मीठ हेसुद्धा बहुतांशी सोडियम क्लोराइडच.

आळशी_कासव

शेवटच्या वाक्याने आमच्या घरात फूट पडणार आहे.

मध्यरात्र

नवीन काय चाललंय? सहा महिन्यांतून एक इंजेक्शन वगैरे वाचलं होतं.

रानजाई

झिलेबेसिरान. यकृतात अँजिओटेन्सिनचं मूळ प्रथिन बनण्याआधीच त्याचा संदेश नष्ट करतं. सुरुवातीच्या चाचण्यांत एका टोचणीचा परिणाम महिनोन्महिने टिकला. पण हृदयविकार, पक्षाघात टळतात का, हे ठरायला वेळ आहे. मला खटकतं ते हे, की चक्कर आली तर गोळी बंद करता येते, टोचलेलं परत काढता येत नाही.

मूत्रपिंडाच्या धमनीभोवतालचे मज्जातंतू जाळण्याचीही एक पद्धत आहे. सुरुवातीला फार गाजली. २०१४ मध्ये एका गटावर नुसतं नाटक केलं, म्हणजे नळी घातली पण मज्जातंतू जाळले नाहीत, तर दोन्ही गटांत जवळपास सारखाच फरक! नंतर सुधारलेल्या चाचण्यांत फायदा दिसला, २०२३ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. फायदा आहे, पण साधारण एका गोळीइतका.

शंकासूर

मूळ प्रश्नावर येतो. समजा माझा, हात टेबलावर ठेवून, घरी मोजलेला १३२/८४ आहे. गोळी की नाही?

ऋजुता_क

ऑनलाइन कोणाला गोळी सांगणार नाही. पण विचार कसा करतात ते सांगते. त्या मधल्या कप्प्यात युरोपियन मार्गदर्शन सरसकट गोळी सांगत नाही. आधी मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, आधीचा हृदयविकार आहे का, पुढच्या दहा वर्षांची जोखीम किती, हे बघा. जोखीम जास्त असेल तर तीन महिने मीठ, वजन, व्यायाम, दारू यांवर काम करा, तरीही १३०/८० च्या वर राहिला तर गोळी. जोखीम कमी असेल तर गोळी नाही, मोजत राहा. म्हणजे तोच १३२ दोन माणसांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

पारावरचा

हे मला मान्य आहे. पण मग छापतात का १३०, १४०? जोखीम छापा. आणि ६१ चा आकडा प्रत्येक चिठ्ठीवर छापा.

गणितमास्तर

छापा की. सोबत २०२१ चा हाही छापा: ४८ चाचण्या, जवळपास साडेतीन लाख माणसं, वरचा ५ ने उतरला की हृदयविकार आणि पक्षाघात मिळून सुमारे १० टक्के कमी. सुरुवातीचा आकडा १२० च्या खाली असो की १७० च्या वर, प्रमाण साधारण तेवढंच.

पारावरचा

टक्क्यातलं प्रमाण तेवढंच, माणसांची संख्या नाही. १२० वाल्याच्या मुळातल्या थोड्या जोखमीचे १० टक्के म्हणजे किती?

गणितमास्तर

थोडेच. म्हणून तर ऋजुताताई जोखीम बघा म्हणतायत.

दिवेकर_नवीन

नमस्कार, आजच सभासद झालो. मनगटावरच्या घड्याळात बीपी दिसतं ते धरायचं का?

धडपड्या

स्वागत. पट्टा न फुगवता आकडा सांगणारी घड्याळं निदानासाठी किंवा औषध ठरवण्यासाठी वापरू नयेत असंच सध्याचं मार्गदर्शन आहे. दंडाचं, पट्ट्याचं, तपासून मान्यता मिळालेलं यंत्र घ्या. पण त्याआधी दंडाचा घेर मोजा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे, शिंप्याच्या टेपने. पट्ट्यावर कुठल्या घेरासाठी आहे ते छापलेलं असतं, त्यात बसत असेल तरच.

दिवेकर_नवीन

टेप सापडली. ३६ सेंटिमीटर. पट्ट्यावर २२ ते ३२ लिहिलंय.

धडपड्या

मोठा पट्टा मागवा, मग बोलू.